‘विखारी खेळाडू’ कुणी ठरवला?

शोधनिबंध वाचताना आपण बहुतेकदा पद्धत आणि निष्कर्ष तपासतो. सारांशातले साधे शब्द मात्र तसेच पुढे जाऊ देतो. आज एका निबंधाच्या साध्या शब्दांवरच थांबूया. निबंध चांगला आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडण्यात मजा आहे.

जेरेमी ब्लॅकबर्न आणि हेवून क्वाक यांचा हा निबंध २०१४ साली वर्ल्ड वाइड वेब परिषदेत आला. विषय आहे ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा पाच विरुद्ध पाच असा खेळला जाणारा ऑनलाइन गेम. अनोळखी माणसं एका टीममध्ये येतात, हरायला लागली की एकमेकांवर घसरतात. मग प्रश्न पडतो, की आवरायचं कुणी आणि किती? फार आवरलं तर गप्पाटप्पा, चिडवाचिडवी, म्हणजे खेळाची अर्धी गंमतच जाते. मोकळं सोडलं तर नवखी मुलं पळून जातात.

रायट गेम्स या कंपनीने २०११ मध्ये यावर ‘ट्रायब्युनल’ नावाचा उपाय काढला. एखाद्याविरुद्ध पुरेशा तक्रारी साठल्या की त्याची केस तयार व्हायची. त्यात चॅटची नोंद, सामन्यातली कामगिरी आणि तक्रारींचा प्रकार असायचा. अनुभवी खेळाडूंनी ती वाचायची आणि दोनपैकी एक बटण दाबायचं: शिक्षा किंवा माफी. बहुमत जिकडे, निकाल तिकडे. थोडक्यात, पंचाचं काम खेळाडूंकडेच दिलं. २०१४ मध्ये ही व्यवस्था बंद झाली.

या निबंधाचा प्रश्न सरळ आहे: माणसांनी दिलेला हा निकाल संगणकाला आधीच ओळखता येईल का? आला तर वेळ, श्रम आणि पैसा वाचेल. विदा प्रचंड आहे, १ कोटीहून जास्त तक्रारी आणि १४ लाख ६० हजार खेळाडू. जिथे जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे अशा केसेस क्लासिफायर चांगल्या ओळखतो आणि एका प्रदेशात शिकलेलं दुसऱ्या प्रदेशातही बऱ्यापैकी चालतं, असा निष्कर्ष आहे. किती मतांनी निकाल लागला याप्रमाणे लेखकांनी केसेस वेगळ्या केल्या, सगळ्या एकाच पोत्यात भरल्या नाहीत, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता सारांशातले दोन शब्द बघा.

पहिला शब्द आहे ‘विखारी खेळाडू’. सारांश या सगळ्या १४ लाख ६० हजार खेळाडूंना विखारी म्हणतो. पण यातल्या काहींना माफी मिळाली होती! म्हणजे निकाल लागायच्या आधीच आरोपीला गुन्हेगार म्हटलं. कुणी म्हणेल, शब्दाचं काय एवढं? पण जे मोजायचं आहे त्याचंच नाव आपण नमुन्याला दिलं, तर ‘तक्रार झाली’ आणि ‘वागणं वाईट होतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आपल्याच डोक्यात एक होतात. शिवाय ज्याने त्रास दिला पण ज्याची तक्रारच कुणी केली नाही, तो या विदेत येतच नाही.

दुसरा शब्द आहे ‘तज्ज्ञ’. केस वाचणाऱ्यांना सारांशात मानवी तज्ज्ञ म्हटलं आहे. ते गेममध्ये तरबेज होते यात शंका नाही. पण चांगलं क्रिकेट खेळणारा आपोआप चांगला अंपायर होत नाही. अंपायर कारण सांगू शकतो, स्वतःच्या टीमचा सामना असेल तर बाजूला होतो, एकसारख्या चुकीला एकसारखा निर्णय देतो. व्यावसायिकपणा म्हणजे हेच, नुसता टाय लावलेला गंभीर चेहरा नव्हे. ट्रायब्युनलमध्ये मत देणाऱ्याने कारण लिहायचं नसे. उलट सुरुवातीला बहुमताच्या बाजूने मत पडलं तर गेममधले गुण बक्षीस मिळत, नंतर ते बंद केले. अशा वेळी माणूस ‘हे योग्य आहे का’ असा विचार करतो की ‘बाकीचे काय म्हणतील’ असा? त्या काळातलं लेबल घेतलं तर आपण नक्की काय शिकवतोय संगणकाला?

हे मी एवढं जीव तोडून का सांगतेय, तर एक चूक माझ्या नावावर आहे. एम.एस्सी.ला असताना होस्टेलच्या गेमिंग ग्रुपची मी ॲडमिन होते. एका ज्युनिअरबद्दल एका रात्रीत तीन तक्रारी आल्या, शिव्या देतो म्हणून. स्क्रीनशॉट होते, शिव्या खऱ्या होत्या. ‘प्रोफेशनल राहायचं, ओळख बघायची नाही’ म्हणत मी त्याला काढून टाकलं. आठवड्याने सगळं चॅट पहिल्यापासून वाचलं. तिन्ही तक्रारदार एकाच टीमचे होते आणि तासभर त्याच्या बोलीची नक्कल करून त्याला डिवचत होते. तीन तक्रारी म्हणजे तीन पुरावे, असं मी धरलं होतं. प्रत्यक्षात तो एकच पुरावा तीनदा मोजला गेला होता. संख्याशास्त्रात निरीक्षणं स्वतंत्र असण्याबद्दल मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं, इथे ते आठवलंच नाही. मी माफी मागितली. तो ‘ठीक आहे ताई’ म्हणाला, पण ग्रुपमध्ये परत आला नाही.

लीगमध्येही मित्र एकत्र टीम करून खेळू शकतात. त्यामुळे एका सामन्यातल्या चार तक्रारी चार स्वतंत्र साक्षी असतीलच असं नाही.

मग मोकळीक आणि शिस्त यांचं जमणारच नाही का? याच कंपनीचा एक प्रयोग इथे आठवतो. प्रतिस्पर्धी टीमशी होणारं चॅट त्यांनी मुळात बंद ठेवलं, पण ज्याला हवं त्याला एका सेटिंगने चालू करता येई. बंदी कुणावरच नव्हती. चॅटचं एकूण प्रमाण साधारण तेवढंच राहिलं, वाईट चॅट ३० टक्क्यांहून जास्त घटलं, चांगलं जवळपास ३५ टक्के वाढलं, असं त्यांनी सांगितलं. आकडे कंपनीचे आहेत आणि तुलना बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याची, तेव्हा तेही चिमटीभर मीठ टाकूनच घ्यायचे. पण दिशा मला पटते. माणसाला शिक्षा करण्याआधी रचना बदलून बघितली, तर कुणाला ‘विखारी’ ठरवायची वेळच कमी येते.

निबंधावरचा माझा मुख्य आक्षेप त्याच्या गणितावर नाही. स्पष्ट केसेस यंत्राला सोपवा, काही हरकत नाही. पण त्या तशाही सोप्या होत्या. मॉडरेटरची खरी कसोटी मतं फुटतात तिथे लागते, आणि तिथे क्लासिफायरची अचूकता वाढवण्याआधी मतं का फुटली ते वाचायला हवं. मतभेद हा नेहमीच गोंगाट नसतो. कधी कधी तीच सगळ्यात मोलाची माहिती असते.

तुम्ही उद्या कुठलीही लेबल लावलेली विदा उघडाल, मराठी कमेंट्स असोत की पेशींचे फोटो. त्याआधी वहीत तीन प्रश्न लिहा. हे लेबल कुणी लावलं? लावताना त्याला काय मिळत होतं? आणि ज्याच्यावर लावलं, त्याला उत्तर द्यायची जागा होती का?

तिसरा प्रश्न पेशींना लागू नाही, हे मान्य. माणसांना मात्र नेहमीच लागू असतो.