सोप्या व्याख्येची मर्यादा : इंग्रजी अध्ययनकोशांतील नित्य शब्दांविषयी काही विचार

ज्या शब्दाचा अर्थ सांगावयाचा त्याहून सुबोध शब्दांत तो सांगितला पाहिजे, हे तत्त्व कोशकारांना पूर्वीपासून मान्य आहे. ते नेहमीच पाळता येत नाही, अशी कबुली सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत देऊन ठेवली आहे. ‘नेटवर्क’ म्हणजे जाळीकाम, या साध्या वस्तूची त्याने केलेली व्याख्या तर प्रसिद्धच आहे. तिच्यातील लॅटिन वळणाच्या शब्दांपुढे मूळ शब्दच सोपा वाटू लागतो. परंतु जॉन्सनचा वाचक इंग्रज होता. जाळी त्याने पाहिलेली होती आणि तिचे नावही त्याला घरीच मिळालेले होते. व्याख्या दुर्बोध झाली म्हणून त्याचे काही अडत नव्हते. परभाषकाचे अडते, आणि त्याच्यासाठी निराळा कोश हवा ही जाणीव व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले.

या जाणिवेचा एक उगम आपल्याच उपखंडात आहे, याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास करून शब्दसंख्येच्या नियंत्रणाचा आग्रह धरला, आणि १९३५ मध्ये जेम्स एन्डिकॉट यांच्या सहकार्याने जो कोश सिद्ध केला त्यातील सुमारे २४,००० नोंदी अवघ्या १,४९० शब्दांत उलगडून दाखविल्या. पुढे टोकियोत हॉर्नबी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केलेला कोश १९४२ मध्ये निघाला. १९७८ मध्ये लाँगमनने सुमारे २,००० शब्दांची मर्यादा स्वीकारली. हॉर्नबींच्या कोशाच्या १९९५ च्या आवृत्तीने ३,५०० शब्दांची. ही परंपरा आदरणीय आहे. तिच्या मुळाशी असलेले एक गृहीतक मात्र तपासून पाहण्याजोगे आहे : व्याख्येतील शब्द थोडे व परिचित असले की व्याख्या सुबोध होते.

शब्द मोजता येतात. अर्थ तितक्या सहजपणे मोजता येत नाहीत. ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘मेक’ ही क्रियापदे कोणत्याही मर्यादित यादीत अग्रभागी असणार. पण इंग्रजीतील सर्वांत अनेकार्थी शब्दांत त्यांचीच गणना करावी लागते. ‘पुट’ विद्यार्थ्याला ठाऊक आहे, ‘अप’ ठाऊक आहे, ‘विथ’ही ठाऊक आहे, तिन्ही एकत्र आले की ‘सहन करणे’ असा अर्थ होतो, हे त्याला कोठून कळावे? यापेक्षा ‘टॉलरेट’ हा एकच अवघड शब्द त्याला परवडला असता, कारण तो निदान एकाच अर्थाचा आहे. म्हणजे शब्दसंख्येत केलेली काटकसर अर्थसंख्येत व्याजासह फेडावी लागते. उलट ‘चेअर’ची व्याख्या पाहावी. पाठ आणि चार पाय असलेले, एकाने बसावयाचे आसन, असे सांगितले की मराठी विद्यार्थी अडखळत नाही. पण याचे श्रेय सोप्या शब्दांना द्यावे काय? मराठीतही खुर्चीला पाय असतात आणि पाठ असते. हे रूपक ज्या भाषेत नाही, तिच्या भाषकाला हीच व्याख्या थोडी चमत्कारिक वाटेल. सोपेपणा हा शब्दाचा गुण नसून दोन भाषांमधील अंतराचा गुण आहे, असे म्हणावे लागते.

नित्याच्या शब्दांची दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. ‘आइस’ म्हणजे थंडीने घन झालेले पाणी. यातील ‘सॉलिड’ हा शब्द ‘आइस’पेक्षा निश्चितच कठीण. ‘रेड’ म्हणजे रक्ताचा रंग, असे म्हणून कोश केवळ बोट दाखवितो. आणि यादीतील शब्दांची व्याख्या यादीतीलच शब्दांनी करावयाची असल्यामुळे वर्तुळ अटळ ठरते. हे वर्तुळ मोडता येत नाही. त्यात कोठून तरी प्रवेश करावा लागतो. मराठी माध्यमाच्या शाळेतील मुलगा हा प्रवेश कोठून करतो? ‘वॉटर’ म्हणजे पाणी, ‘गो’ म्हणजे जाणे, येथून. ते दोन हजार शब्द तो मराठीच्याच आधाराने शिकलेला असतो. तेव्हा इंग्रजी–इंग्रजी कोश हा वरचा मजला आहे आणि तळमजला मातृभाषेचा आहे. वरच्या मजल्यावर उभे राहून तळमजला पाडा असे सांगणारे शिक्षक आपल्या महाविद्यालयांत आजही आढळतात, आणि त्यांचे विद्यार्थी व्याख्या तोंडपाठ करून अर्थावाचून राहतात.

मात्र यावरून मराठी प्रतिशब्द दिला की काम भागले, असे समजणे तितकेच चूक होय. ‘अंकल’ला ‘काका’ म्हटले की मामा, आतोबा आणि मावशीचे यजमान बाहेर राहतात; सगळे प्रतिशब्द ओळीने मांडले तर विद्यार्थ्याला वाटते की इंग्रजीत या चौघांत भेद आहे व तो आपल्याला अजून समजलेला नाही. आईचा किंवा वडिलांचा भाऊ, अथवा ‘आन्ट’चा नवरा, ही सोपी व्याख्या येथे प्रतिशब्दाहून सरस ठरते. प्रतिशब्द शब्दाला पकडून देतो. व्याख्या त्याची हद्द आखते.

या दृष्टीने बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली तयार होऊन १९८७ मध्ये निघालेला कोबिल्ड कोश अधिक दूरचा विचार करणारा वाटतो. सुमारे २ कोटी शब्दांच्या संगणकीय संग्रहावर आधारलेल्या या कोशाने व्याख्या पूर्ण वाक्यात केली. शिक्षक वर्गात जसे ‘तुम्ही अमुक केले म्हणजे…’ असे सांगतो, तसे ते वाक्य असते. याचा लाभ ‘मॅरी’सारख्या क्रियापदात स्पष्ट दिसतो. ‘कोणाशी लग्न करणे’ या मराठी रचनेच्या सवयीने आपला विद्यार्थी त्या क्रियापदापुढे ‘विथ’ हमखास जोडतो. वाक्यरूप व्याख्येत कर्म थेट क्रियापदापाठोपाठ येते, आणि नियम न सांगताही रचना दृष्टीस पडते. खून, चोरी अशा कृत्यांच्या व्याख्येत ‘तुम्ही’ऐवजी ‘कोणी’ योजण्याचा त्यातील शिष्टाचारही मजेदार आहे, आणि तोही अर्थाचाच भाग मानला पाहिजे. पण प्रत्येक व्याख्येला ‘जर-तर’ची जोडवाक्ये आली की नवशिक्याची अडचण शब्दांतून उठून वाक्यरचनेत जाते, हा आक्षेप राहतोच.

अलीकडे इंग्रजी–इंग्रजी–मराठी असे कोश आपल्याकडे निघाले आहेत, आणि मोबाइलवरही व्याख्या व प्रतिशब्द शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. योजना योग्य आहे, परंतु हे दोघे शेजारी परस्परांशी बोलत नाहीत. इंग्रजी व्याख्या परदेशातून तयार येते, मराठी प्रतिशब्द जुन्या कोशांतून येतो, आणि दोहोंत जेथे मेळ बसत नाही तेथेच मौन असते. ‘अंकल’च्या नोंदीत या नात्यांचा भेद इंग्रजीत नाही, ‘मॅरी’च्या नोंदीत ‘शी’साठी वेगळा शब्द लागत नाही, ‘आइस’ आणि ‘स्नो’ या दोहोंना व्यवहारात आपण बर्फच म्हणतो, असे एकेक मराठी वाक्य त्या जागी हवे. हे वाक्य लंडनचा किंवा टोकियोचा कोशकार लिहू शकणार नाही. ज्याने मराठी विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्या आहेत, तोच ते लिहील.