गाडी हलण्याआधीची परीक्षा

अमेरिकेच्या संघीय नियमसंग्रहातले 391.31 हे कलम कुणी साहित्य म्हणून वाचत नाही. ट्रक कंपनीने नव्या चालकाची रस्त्यावर परीक्षा कशी घ्यावी, एवढाच त्याचा विषय. कंपन्यांच्या कचेऱ्यांत ते फायलीपुरते उघडले जाते. मला मात्र ते पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. चांगला चालक कोणाला म्हणावे याचे इतके नेमके चित्र इतक्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

हा मजकूर 1970 सालचा आहे, हे वाचताना लक्षात ठेवावे. जड वाहनांच्या परवान्याचा देशभर एकसारखा दर्जा ठरवणारा कायदा अमेरिकेत 1986 मध्ये आला. त्याआधी अनेक राज्यांत साध्या मोटारीच्या परवान्यावर अठरा चाकांचा ट्रॅक्टर-ट्रेलर रस्त्यावर आणता येत असे. चालक आणि महामार्ग यांच्यामध्ये खरी चौकी उभी होती ती कंपनीच्या या परीक्षेची. त्या जबाबदारीचे वजन कलमाच्या प्रत्येक ओळीत जाणवते.

परीक्षेत किमान आठ गोष्टी पाहाव्यात, असे कलम सांगते. त्यांचा क्रम मला फार आवडतो. आधी निघण्यापूर्वीची तपासणी, मग ट्रॅक्टर (म्हणजे पुढचे ओढणारे वाहन) आणि ट्रेलर जोडणे-सोडवणे, मग गाडी सुरू करून चालती करणे, मग नियंत्रणे आणि आणीबाणीची साधने वापरणे. रस्त्यावरची इतर वाहने येतात ती थेट पाचव्या बाबीत. निम्मी यादी संपेपर्यंत चालक आपल्या यंत्राबरोबर एकटाच असतो. वळणे सहावे, ब्रेक आणि वेग कमी करणे सातवे, आणि शेवटी रिव्हर्स व पार्किंग. वेग या गुणाला यादीत जागाच नाही. वेगाचा उल्लेख येतो तो कमी करण्यापुरता.

पहिली बाब सर्वांत समृद्ध आहे. जाणता परीक्षक चालक केबिनमध्ये चढण्याची वाट पाहत नाही. तो गाडीकडे चालत कसा येतो, इथूनच परीक्षा सुरू झालेली असते. गाडी एका अंगाला कलली आहे का, खाली तेलाचे किंवा पाण्याचे डाग आहेत का, हे वीस पावलांवरूनच दिसायला हवे. मग हात लावून पाहणे येते: पुढच्या चाकांच्या टायरची नक्षी किमान 4/32 इंच, बाकीच्यांची 2/32; नटांभोवती गंजाचे ओघळ असले तर ढिले नट; लाल आणि निळा हवेचा पाइप आपापल्या जागी घट्ट. पाठ केलेली नावे घडाघडा म्हणणारा आणि खरोखर पाहणारा यांच्यातला फरक डोळ्यांवरून कळतो. पाठ म्हणणाऱ्याची नजर परीक्षकाकडे असते, पाहणाऱ्याची नटाकडे.

हवेच्या ब्रेकची तपासणी तर मला छोट्या नाट्यप्रवेशासारखी वाटते. चाकांना उटी लावलेली, इंजिन बंद, किल्ली चालू, पार्किंग ब्रेक सोडलेले. पेडल दाबून एक मिनिट काट्याकडे पाहायचे. ट्रॅक्टर-ट्रेलर जोडीत दाब 4 पीएसआयहून अधिक उतरता कामा नये. मग पेडल दाबत-सोडत हवा संपवत न्यायची. 60 पीएसआयच्या आसपास इशारा वाजतो, दिवा लागतो. तरीही दाबत राहिले की 20 ते 45 च्या दरम्यान डॅशबोर्डवरची बटणे खाडकन बाहेर येतात आणि स्प्रिंगचे ब्रेक चाके पकडतात. मागच्या चाकांवरच्या त्या जबरदस्त स्प्रिंगा हवेनेच रोखून धरलेल्या असतात. हवा गेली की गाडी थांबण्याच्या बाजूला झुकते. ज्यांनी ही रचना केली त्यांनी बिघाडाची दिशाही आधीच ठरवून ठेवली. नव्या चालकाने आकडे जरूर पाठ करावेत, पण बटण बाहेर उडते तेव्हा आत काय घडले हे ज्याला कळले, त्याला आकडे विसरायची भीती उरत नाही.

जोडणीच्या बाबीत एका क्षणाकडे परीक्षकाचे सगळे लक्ष असते. ट्रेलरखालची किंगपिन ही खुंटी ट्रॅक्टरवरच्या फिफ्थ व्हील या जोडतबकडीत शिरल्याचा आवाज येतो आणि वाटते, झाले. पण कधी कधी पिन तबकडीतल्या जबड्याच्या वर राहते. आवाज येतो, पकड नसते. म्हणून पुढे हलका हिसका देऊन पाहायचे आणि मग खाली उतरून, टॉर्च घेऊन, वाकून जबडा पिनभोवती मिटला आहे का ते डोळ्यांनी पाहायचे. फिफ्थ व्हील आणि ट्रेलर यांच्यात फट दिसली, तर जोडणी झालेली नाही. कानावर भरवसा ठेवू नकोस, ही शिस्त इथे पुरेपूर दिसते.

रहदारीबद्दल कलम मोजके बोलते, आणि वळणांचा तर नुसता उल्लेख करते. ट्रेलरची मागची चाके वळणाच्या आतून कापत जातात हे लक्षात ठेवून उजवे, म्हणजे तिथले कडेचे, वळण उशिरा घ्यायचे आणि मागच्या भागाशेजारी कडेला मोकळी जागा सोडायची नाही. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनिशी, ताशी 55 मैलांवर लादलेल्या गाडीला विचार आणि हालचाल धरून थांबायला 400 फुटांहून जास्त रस्ता लागतो. हे ज्याच्या मनात आहे तो पुढच्या गाडीच्या मागे चिकटत नाही.

सातव्या बाबीशी मी नेहमी थबकतो. ब्रेक लावणे आणि ब्रेकशिवाय वेग कमी करणे, या दोन्ही गोष्टी पाहा, असे ती सांगते. या दुसऱ्या अर्ध्यात डोंगराळ रस्त्यांवरचे सगळे शहाणपण आले. 80,000 पौंडांची, म्हणजे जवळपास 36 टनांची गाडी उतारावर केवळ ब्रेकने सांभाळायला गेले की ड्रम तापतात, पकड विरघळत जाते आणि पेडल दाबूनही काही होत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर. इंजिनाने गाडी धरून ठेवायची. ठरवलेला वेग गाठला की ब्रेक ठामपणे लावून तो पाच मैलांनी उतरवायचा, सोडून द्यायचा, पुन्हा वेग चढला की पुन्हा तेच. खंडाळ्याचा घाट लादलेल्या गाडीने उतरलेल्या जुन्या चालकाला हे सांगावे लागत नाही. पण पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पाहा. जड गाड्यांचा ताबा सुटून तिथे वारंवार अपघात झाले आहेत, आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडण्याच्या सवयीची चर्चा प्रत्येक वेळी होते. त्या उतारावर हरवते ती हीच सातव्या बाबीची दुसरी अर्धी ओळ. आपल्याकडच्या प्रत्येक ट्रान्सपोर्ट कंपनीने ट्रायल घेताना ती उतरवून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

आणि शेवट रिव्हर्सवर. मागे नेताना चालकाला सर्वांत कमी दिसते आणि घाई मात्र सर्वांत जास्त होते. 53 फुटांच्या ट्रेलरमागे काय आहे हे आरसे पूर्ण सांगत नाहीत. ब्रेक लावून, उतरून, मागे चालत जाऊन पाहण्याला पर्याय नाही. परवान्याच्या सरकारी परीक्षेत असे किती वेळा उतरायचे याला सहसा मर्यादा असते. कंपनीच्या परीक्षेच्या या कलमात तशी मर्यादा नाही. तिसऱ्यांदा उतरणारा चालक सुज्ञ परीक्षकाला खटकत नाही, एकदाही न उतरणारा खटकतो.

कलमाने जे लिहिलेले नाही तेही वाचण्यासारखे आहे. परीक्षा किती मिनिटांची, किती गुणांची, हे त्यात नाही. चालकाचे कौशल्य जोखता येईल इतका वेळ, एवढेच म्हटले आहे. जो स्वतःच कंपनीचा मालक आणि चालक आहे, त्याला स्वतःची परीक्षा घेण्याची मुभा नाही. दुसऱ्या माणसाने शेजारी बसले पाहिजे. आणि शेवटी प्रमाणपत्रावर सही करणारा लिहून देतो की, या प्रकारचे वाहन सुरक्षित चालवण्याइतके कौशल्य या चालकाकडे आहे असे विचारपूर्वक बनलेले माझे मत आहे. सहीखाली एका माणसाची जबाबदारी असते. नियमाच्या रुक्ष भाषेत ही माणुसकी टिकली, याचे मला मोल वाटते.

आज बहुतेक गाड्यांसाठी जड वाहनाचा वैध परवाना पाहून कंपनी ही परीक्षा माफ करू शकते. दुहेरी-तिहेरी ट्रेलर आणि टँकर यांना ती सवलत नाही. तरीही परवाना हातात असताना परीक्षा घेण्याचा अधिकार कंपनीकडे राहतोच, आणि अनेक कंपन्या तो वापरतात. तेव्हा तयारी करणाऱ्याने आठ बाबी याच क्रमाने गाडीभोवती फिरत म्हणून पाहाव्यात. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. तीन वर्षांच्या आत दुसऱ्या कंपनीत गेल्यास तिथे परीक्षेऐवजी ती प्रत चालू शकते.