वाट सांगणारे गद्य

मराठीतील प्रवासलेखनाची समीक्षा प्रामुख्याने अनुभव घेणाऱ्या ‘मी’भोवती फिरत आली आहे. लेखकाने काय पाहिले, त्याला काय वाटले आणि ते त्याने किती उत्कटतेने मांडले, याची चर्चा पुष्कळ झाली. मागून येणाऱ्याला वाट सांगणे हेच ज्या गद्याचे प्रयोजन, ते मात्र ‘माहितीपर’ ठरवून वाङ्मयविचाराबाहेर ठेवले गेले. हा निवाडा पुन्हा तपासावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

उदाहरणादाखल ठाणे जिल्ह्यातील बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट घेऊ. येथे ‘वाट’ ही नावापुरतीच. प्रत्यक्षात ती कोकणकड्याशेजारची, धोंड्यांनी भरलेली अरुंद घळ आहे. पाऊलवाट उमटावी इतकी मातीही तीत बहुतेक ठिकाणी नाही. अशा जागी चालणाऱ्याला आधार असतो तो सांगणाऱ्याच्या शब्दांचा: कोणती नाळ धरावी, कोणती सोडावी, कोणत्या पदरावरून आडवे जावे.

नाळ, सोंड, धार, पदर, खांदा, माची हे शब्द देहातून आणि घरातून डोंगरावर गेलेले आहेत. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही झिजलेली रूपके होत. परंतु कड्यावर ती अद्याप काम करतात. ‘सोंड’ म्हणताच वरून खाली निमुळती होत गेलेली डोंगररांग समजते. ‘पदर’ म्हणताच कड्याच्या पोटाशी लांबवर गेलेली सपाट पट्टी समजते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून सह्याद्रीचा कातळ घडला. कठीण थर उभे तुटून कडे झाले, त्यांच्यामधील मऊ थर झिजून पदर राहिले आणि कातळातील भेगांतून धावणाऱ्या पाण्याने नाळा कोरल्या. म्हणजे या रूपकांनी डोंगराची रचनाच पकडली आहे. ज्याला ते शब्द कळतात, त्याला न पाहिलेल्या डोंगराविषयीही अंदाज बांधता येतो.

अशा गद्याला मराठीत पूर्वपरंपरा नाही असे नाही. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे केंद्र. त्या पंथाच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थानांची नोंद आहे: गाव कोणते, देऊळ कोठे, दार कोणत्या दिशेला, स्थान कोणत्या कोनात. ग्रंथ भक्तीतून उपजला. पण ती भक्ती भाववाचक विशेषणांत न साठता दिशांच्या काटेकोरपणात साठली आहे. लिहिणारा बाजूला सरतो आणि मागून नमस्काराला येणारा संहितेच्या केंद्रस्थानी राहतो.

याउलट गो. नी. दांडेकर. परतवाड्यात जन्मलेल्या या लेखकाच्या ‘दुर्गभ्रमणगाथा’ (१९८३) या ग्रंथात गडावर प्रेम जडलेला ‘मी’ सतत आपल्याबरोबर असतो. वाचकाला गडाची ओढ लावणे हे त्यांचे प्रयोजन होते आणि ते सफल झाले. मार्गदर्शिकेची अपेक्षा त्यांच्याकडून करणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो अनुकरणाचा. नंतरच्या बऱ्याच दुर्गलेखनाने त्यांची भारावलेली शैली तेवढी उचलली. त्या शैलीमागची अनेक वर्षांची पायपीट उचलता येण्याजोगी नव्हती.

वर्ध्याच्या काळ्या, सपाट मुलखातील वर्गात ‘नाळ’ म्हटले की विद्यार्थ्यांना जन्माची नाळ आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु खुद्द सह्याद्रीत चढणारे शहरी तरुणही आज भ्रमणध्वनीवरील नकाशावर विसंबतात. सांदण दरीसारख्या चिंचोळ्या घळीत दोन्ही बाजूंच्या कातळभिंतींमुळे उपग्रहाचे संदेश नीट पोहोचत नाहीत. तेथे पुन्हा साम्रदच्या माणसाचा शब्दच कामाला येतो. तो शब्द समजला नाही, तर पाऊल चुकते.

म्हणून या गद्याची कसोटी आस्वादाच्या कसोटीहून वेगळी मानावी लागेल. ललित गद्यातील सैल विशेषण फार तर वाचकाचा रसभंग करते. वाट सांगताना वापरलेले सैल विशेषण त्याला कड्याच्या तोंडाशी नेऊन उभे करते. येथे शब्दाची अचूकता ही लेखकाने अनोळखी माणसाविषयी पत्करलेली जबाबदारी आहे. प्रवासलेखन वाचताना लेखकाला काय दिसले हे आपण विचारतोच. त्याच्या शब्दांवर विसंबलेला माणूस मुक्कामाला पोहोचेल का, हेही समीक्षेने विचारावयास हवे.