पाठांतर आणि लेखनकामाठी

वाचकहो, पसायदान झाले, माउलींच्या समाप्तीच्या ओव्या झाल्या, की ज्ञानेश्वरीचे पारायण संपले असे आपण धरून चालतो. पण बहुतेक छापील प्रतींत त्यापुढे आणखी पाच ओव्या असतात. त्या पैठणच्या नाथमहाराजांच्या. तोवर आरतीची तबके पुढे आलेली असतात, पंगतीची घाई असते, आणि या पाच ओव्या कशाबशा उरकल्या जातात. आज आपण त्यांच्यापाशीच थोडे थांबू. जन्मभर कसे शिकावे आणि पुढच्यांच्या हाती काय द्यावे, याचा विचार त्यांत भरला आहे.

माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशास ग्रंथ सांगितला, सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. नाथांनी शुद्ध केलेली प्रत शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला गोदातीरी पुरी झाली. मध्ये २९४ वर्षे गेली. एवढ्या काळात ग्रंथात चुका शिरल्या. त्या घातल्या कोणी? ग्रंथावर जीव लावणाऱ्यांनीच. लिहिताना जुना शब्द कळला नाही, तिथे ओळखीचा घातला. शेजारी लिहिलेली टीप पुढच्या लेखकाने मूळ समजून ओवीत घेतली. पोथ्या बिघडतात त्या अशाच.

नाथ म्हणतात, ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, बिघाड आला तो पाठांतराने. हा शब्द नीट पाहा. आज पाठांतर म्हणजे तोंडपाठ करणे. नाथांच्या ओवीत त्याचा अर्थ पाठात पडलेले अंतर. आपल्या संप्रदायाने दोन्ही अर्थ लक्षात ठेवावेत, कारण पहिल्यातून दुसरा निघतो. अर्थ न विचारता पाठ केलेली ओवी एका पिढीत जिभेवर घासते, दुसऱ्या पिढीत बदलते, आणि तिसरी पिढी बदललेलीच खरी म्हणून भांडते. पाठ करू नये असे मी म्हणत नाही. पाठ नसता तर ग्रंथ आपल्यापर्यंत आलाच नसता. पाठ करणाऱ्याचे शिकणे थांबले, की तिथे अंतर पडू लागते.

दुसरा शब्द लेखनकामाठी. कामाठी म्हणजे अंगमेहनतीचे काम. हे काम हाती घेणारे नाथ कोण होते? एकनाथी भागवत शके १४९५ मध्ये काशीस पूर्ण झाले होते. म्हणजे अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा कर्ता, विद्वानांत मान पावलेला पुरुष, अकरा वर्षांनी दुसऱ्याच्या ग्रंथापुढे विद्यार्थी होऊन बसतो, ओवी ओवी तपासतो, आणि त्या श्रमाला कामाठी म्हणतो. आमच्यासारख्या कीर्तनकारांना चार लोक महाराज म्हणू लागले, की पोथी उघडणे मागे पडते. नाथांचा हा एक शब्द त्यावर पुरेसा आहे.

आता एक उणे बोलावे लागते. नाथांविषयी पूर्ण आदर ठेवूनच बोलतो. कोणत्या प्रती समोर ठेवल्या, कोणता पाठ घेतला, कोणता सोडला, हे या पाच ओव्यांत नाही. त्या काळी तशी रीतही नव्हती. पण त्यामुळे सोडलेले पाठ आपल्याला कळत नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ मध्ये वेगळ्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती पोथी नाथांच्या आधीची, असे त्यांचे मत. सर्वांनी ते मानले नाही. तरी पाठभेद छापून ठेवला म्हणूनच आज दोन्ही समोर ठेवून विचार करता येतो. पारायणाची प्रत बदला, असे मी सांगत नाही. पारायण नाथांच्याच प्रतीवर व्हावे. पण दुसरा पाठ पाहिला की पाप लागते, ही समजूत सोडावी.

काही जण इथे नाथांचीच शेवटची ओवी पुढे करतात. ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली, असा तिचा भाव. तिच्या आधाराने प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवतात. पण ती ओवी भर घालण्याविरुद्ध आहे, शोधण्याविरुद्ध नाही. स्वतः नाथांनी शोध केला नसता तर ती लिहिण्याची वेळच आली नसती.

आज ग्रंथ हरवण्याची भीती कमी आहे. खिशातल्या मोबाईलवर ज्ञानेश्वरी आहे, गाथा आहे. भीती आहे ती शब्द परका होण्याची. सात दिवसांत नऊ हजार ओव्या, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. त्या वेगात अडलेल्या शब्दापाशी थांबणार कोण? म्हणून जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, ती ग्रंथ अर्थासह, शिकवणाऱ्यासमोर बसून शिकता यावा यासाठी. नुसती पोथी पेटीत ठेवून हे काम होत नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्याला झेपेल एवढे करावे. पारायणाच्या आसनाजवळ एक वही ठेवावी. अडलेला शब्द ओवीच्या क्रमांकासह लिहावा, आणि सप्ताह उठल्यावर जाणत्याला विचारावा. उत्तर त्याच वहीत, सांगणाऱ्याच्या नावासह टिपावे. दोघांची उत्तरे निराळी आली तर दोन्ही लिहावीत. घरातल्या मुलाकडून रोज पाच ओव्या मोठ्याने वाचून घ्याव्यात. तो अडेल तिथे आपल्यालाही अर्थ येत नाही, हे पुष्कळदा त्याच वेळी कळेल. तो शब्दही वहीत जाऊ द्यावा.

रामकृष्णहरि.