कार्यशाळा एक की दोन? बेरजेत न मावणारा खर्च

एस.टी. महामंडळात गाड्यांची देखभाल तीन पातळ्यांवर चालते. रोजची तपासणी आगारात, मोठी दुरुस्ती विभागीय कार्यशाळेत आणि गाडीची पुनर्बांधणी दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. सातारा व सांगली हे दोन वेगळे विभाग आहेत. दोहोंसाठी एकच कार्यशाळा ठेवली, तर यंत्रे रिकामी राहणार नाहीत आणि सुट्या भागांचा साठाही दुहेरी लागणार नाही. मग ती कोठे असावी?

यासाठीच्या गणिती प्रारूपात प्रत्येक गावाचे अंतर आणि तेथून येणाऱ्या गाड्या यांचा गुणाकार करून सर्वांची बेरीज किमान ठेवतात. अशी जागा रस्त्यात कोठेही शोधावी लागत नाही. ती जाळ्यातल्या गावांमध्ये किंवा रस्त्यांच्या फाट्यांवर सापडतेच, हे हकिमी यांनी १९६४ साली दाखवले. असंख्य बिंदूंचा प्रश्न मोजक्या ठिकाणांवर आला, हे या रीतीचे मोठे यश.

आता उदाहरण घेऊ. सातारा ते कऱ्हाड ५० आणि कऱ्हाड ते सांगली ७० किलोमीटर धरा. आठवड्याला साताऱ्याच्या ७, कऱ्हाडच्या २ व सांगलीच्या ४ गाड्या दुरुस्तीस येतात असे माना. कार्यशाळा साताऱ्यात असेल तर बेरीज ५८०, कऱ्हाडला ६३०, सांगलीत ९८०. प्रारूप म्हणेल : सातारा!

पण साताऱ्यामुळे वाचले केवळ ५०. त्यासाठी सांगलीच्या प्रत्येक गाडीला ७० ऐवजी १२० किलोमीटर जावे लागेल. बेरीज हे सांगत नाही. गाडी कार्यशाळेत अडकली की जत किंवा आटपाडीकडची एखादी फेरी रद्द होते आणि पासवर शाळेत येणारी मुले फाट्यावर ताटकळतात. हा खर्च महामंडळाच्या हिशेबात येत नाही, म्हणून तो प्रारूपातही नसतो. शिवाय ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकडे जाणारे रस्ते बंद पडले होते. अशा वेळी दुसरी कार्यशाळा ही उधळपट्टी नव्हे, तर आधार ठरते. अंतराच्या तक्त्यात पूर दिसत नाही.

दोष गणिताचा नाही. काय किमान करायचे, हे गणित ठरवत नाही. ते माणसे ठरवतात. म्हणून उत्तर तपासण्याआधी प्रश्न तपासावा. वर्गात हेच आकडे देऊन विचारा : एकूण अंतराऐवजी सर्वांत लांबचे अंतर कमीत कमी ठेवायचे असेल, तर कार्यशाळा कोठे येईल? उत्तर तिन्हींपैकी एकाही गावात येणार नाही.