३० जूनला पुसली जाणारी पाटी : रोटरॅक्टच्या रचनेविषयी

मंडळी, सेवेचा विषय निघाला की आपण लगेच माणसांच्या मनाबद्दल बोलू लागतो. कोण तळमळीचा आणि कोण फक्त फोटोपुरता, याचा हिशेब सुरू होतो. आज आम्हाला मनाबद्दल काही म्हणायचं नाही. तळमळीची मुलं एका ठरावीक रचनेत शिरली की त्यांच्या कामाचं काय होतं, एवढंच पाहायचं आहे. त्यासाठी रोटरॅक्ट घेऊ, कारण आपल्याकडच्या शहरांत आणि कॉलेजांत तो ओळखीचा आहे.

आधी मांडणी समजून घेऊ. पहिला रोटरॅक्ट क्लब मार्च १९६८ मध्ये अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात स्थापन झाला. या रचनेचा पाया म्हणजे क्लब. काही क्लब कॉलेजातले असतात, काही गावातले किंवा शहरातले. क्लबाला अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतात आणि संचालकांकडे एकेक खातं असतं : क्लबसेवा, समाजसेवा, व्यावसायिक विकास, आंतरराष्ट्रीय सेवा. अनेक क्लब मिळून डिस्ट्रिक्ट होतो. हा आपला सरकारी जिल्हा नव्हे बरं का, रोटरीने आखलेला प्रांत. ३१३१ मध्ये पुणे येतं, ३१४१ मध्ये मुंबई, आणि ३१७० मध्ये कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा एकत्र नांदतात. सीमाप्रश्न तिथे आडवा येत नाही! डिस्ट्रिक्टचं नेतृत्व डिस्ट्रिक्ट रोटरॅक्ट प्रतिनिधीकडे, म्हणजे सगळे म्हणतात त्या डीआरआरकडे. त्याच्याही वर दक्षिण आशियातल्या डिस्ट्रिक्टना जोडणारी एक माहिती संघटना आहे. नावातच ‘माहिती’ आहे. ती सांगड घालते, हुकूम सोडत नाही. क्लबांवर सत्ता चालवील अशी अखिल भारतीय कार्यकारिणी इथे नाहीच.

हे चांगलंच आहे. दिल्लीहून आदेश आला आणि गावोगावी झाडं लावली, असा प्रकार होत नाही. क्लबाने आपल्या गल्लीतली गरज ओळखावी, अशीच ही मांडणी आहे.

मग अडतं कुठे? कॅलेंडरपाशी. १ जुलैला वर्ष सुरू होतं, ३० जूनला संपतं, आणि त्याबरोबर अध्यक्ष, संचालक, डीआरआर सगळेच बदलतात. या प्रथेमागे मोठं शहाणपण आहे, ते नाकारायचं कारण नाही. आपल्याकडच्या कित्येक मंडळांत एकच अध्यक्ष वीस-वीस वर्षं खुर्ची सोडत नाही. इथे बाविशीतल्या मुलीला सभा चालवायला मिळते, हिशेब मांडायला मिळतो, चारचौघांत उभं राहून बोलायला मिळतं. खुर्ची कुणाचीच नाही, हा संस्कार लहान नव्हे.

पण खुर्चीबरोबर कामही बदलतं, तिथे आमची हरकत आहे. समजा, एका क्लबाने वस्तीतल्या दहा मुलांची अभ्यासिका सुरू केली. पहिलं वर्ष मुलांचा विश्वास मिळवण्यात जातं. मुलं वाचायला लागणार दुसऱ्या वर्षी. तेवढ्यात पदग्रहण होतं, नवा अध्यक्ष येतो, आणि त्याला स्वतःच्या वर्षाचा नवा, नव्या नावाचा प्रकल्प हवा असतो. यात त्याचा दोष किती? दर महिन्याला अहवाल डिस्ट्रिक्टकडे जातो, वर्षाअखेरी सन्मानचिन्हं मिळतात. किती उपक्रम झाले, किती माणसं आली, हे अहवालात सहज मावतं. रक्तदान शिबिर मावतं, वृक्षारोपण मावतं. मागच्या वर्षीची झाडं जगली का, याला बहुधा रकानाच नसतो. मुलं हुशार असतात, ज्याला गुण मिळतात तेच करतात. अभ्यासिका मात्र बंद पडते, आणि त्या दहा मुलांना एक धडा मिळतो : ही माणसं येतात आणि जातात. पुढच्या वर्षी दुसरा क्लब त्याच वस्तीत गेला, की त्याला तो अविश्वास भोगावा लागतो.

कुणी म्हणेल, एका वर्षाची मुदत असली की असंच होणार. तसं नाही. पुरावा रोटरीच्या घरातच आहे. रोटरीने पोलिओविरुद्धची मोहीम १९८५ मध्ये हाती घेतली. भारतातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. या कामात सरकार होतं, जागतिक आरोग्य संघटना होती, युनिसेफ होती, घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. आमचा मुद्दा एवढाच, की या सव्वीस वर्षांत रोटरीचे अध्यक्ष दरवर्षी बदलतच होते. तरी काम टिकलं, कारण ते कुणा एका अध्यक्षाच्या नावावर नव्हतं. पाटी बदलणाऱ्याला ते पुसायची मुभा नव्हती.

हा प्रश्न आज जास्त निकडीचा झाला आहे. २०१९ मध्ये रोटरीने आपल्या घटनेत बदल करून रोटरॅक्ट क्लबांना सदस्यत्वाचा दर्जा दिला. १ जुलै २०२० पासून तीस वर्षांची कमाल वयोमर्यादा गेली. २०२२ पासून आंतरराष्ट्रीय वर्गणी लागू झाली, कॉलेजातल्या क्लबाच्या सदस्याला वर्षाला ५ डॉलर आणि इतरांना ८. म्हणजे पोरं आता घरातली कमावती माणसं मानली गेली. मग कामाची जबाबदारीही त्याच मापाने मोजायला हवी.

करायचं काय? रचना मोडायची गरज नाही. प्रत्येक क्लबाने किमान एक काम तीन वर्षांचं घ्यावं आणि ते ठरावाने पुढच्या कार्यकारिणीवर बंधनकारक करावं. त्या कामाचा प्रमुख अध्यक्षाबरोबर बदलू नये. आणि डिस्ट्रिक्टने अहवालात पहिलाच प्रश्न विचारावा : मागच्या वर्षीच्या कामाचं काय झालं? सन्मानचिन्हांतलं एक तरी, दुसऱ्याने सुरू केलेलं काम नेटाने चालवणाऱ्या अध्यक्षासाठी राखून ठेवावं. आपल्याकडे उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाव कोरतात, देखभाल करणाऱ्याचं कुठे कोरत नाहीत. ही सवय तरुणांच्या संस्थेनेच मोडायला हवी.

इथे थांबू. सभागृहात आजी-माजी रोटरॅक्टर दिसताहेत. त्यांनी आधी बोलावं, आणि आपल्या क्लबातलं तीन वर्षं टिकलेलं एखादं काम सांगावं. ते कशामुळे टिकलं, हे आम्हाला ऐकायचं आहे.