चार इशाऱ्यांची हौस

हल्ली प्रतिसादी, म्हणजे बाहेरच्या इशाऱ्याला रूप बदलून उत्तर देणाऱ्या, प्रथिन-पॉलिमरवरचे शोधनिबंध चाळताना मला लग्नपत्रिका आठवतात. नवरदेवाच्या नावापुढे पदव्या वाढाव्यात, तशी विशेषणं वाढताहेत: आधी 'उष्णता-संवेदी', मग 'उष्णता व आम्लता-संवेदी', आता त्यात प्रकाशही. आत पाहावं तर बशीत, साध्या बफरमध्ये, जेलचा एक गोळा आणि 'आधी' व 'नंतर'चे दोन फोटो.

या गर्दीत इलास्टिनसारख्या प्रथिनांवरचा माझा जीव अजून उडालेला नाही, कारण त्यांना एकच गोष्ट येते आणि ती चोख येते. व्हॅलिन, प्रोलिन, ग्लायसिन, मग एक पाहुणा, पुन्हा ग्लायसिन. या पाचांची माळ. पाहुण्याच्या जागी प्रोलिन सोडून कोणतंही अमिनो आम्ल चालतं. डॅन अरी यांनी दाखवून दिलं, की पाहुण्याला पाण्याचा जितका तिटकारा, तितक्या कमी तापमानाला माळा पाणी झटकून एकत्र येतात. ऊब लागली की द्रावण गढूळ, गार केलं की पुन्हा नितळ. खरवसाचा परत चीक होत नाही, उकडलेलं अंडं परत पातळ होत नाही. जिलेटिन तर ऊब लागताच वितळतं. इथे मात्र उबेने जमतं आणि गारव्याने सुटतं, हवं तितक्या वेळा.

१९९९मध्ये ड्यूक विद्यापीठात मेयर आणि आशुतोष चिलकोटी यांनी हाच गुण कामाला जुंपला. हवं ते प्रथिन माळेला जोडायचं, जिवाणूंकडून करून घ्यायचं, गरम करून तळाशी बसवायचं, गार करून विरघळवायचं. शुद्धीकरणाला महागडे कॉलम नकोत. शिवाय माळ जनुकावरून घडते, म्हणून प्रत्येकीची लांबी सारखी. ३२ अंशांना गढूळ होणाऱ्या पीनायपॅमसारख्या कृत्रिम पॉलिमरच्या नशिबी ही शिस्त नाही.

बाकीच्या प्रथिनांचं म्हणाल तर, रेशीम? ताकद झकास, पण इशारे ऐकायला कान जरा जड. रेझिलिन २००५मध्ये जिवाणूंत बनवलं गेलं, लवचीकतेचं कौतुकही झालं, पुढे चला. प्रकाश-संवेदी जेलांचं काय, त्वचेखाली काही मिलिमीटर गेलं की दिवा मालवतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो: शरीर तर ३७ अंशांवरच, मग उष्णतेचा इशारा हवा कशाला? अहो, म्हणूनच हवा! सिरिंजमध्ये पातळ, त्वचेखाली जाताच घट्ट, आणि तिथून औषध हळूहळू सुटत राहतं. दार एकदाच उघडायचं असताना चार कुलपं कोणत्या रुग्णाने मागितली? माळा ज्या एका तापमानाला जमतात त्याचा आकडासुद्धा क्षार, द्रावणाची तीव्रता, माळेची लांबी आणि आजूबाजूची प्रथिनं यांच्यामुळे हलतो. तो सीरममध्ये न मोजताच त्यावर दुसरा इशारा चढवणं म्हणजे पाया ओला असताना गच्ची बांधणं. ई. कोलाय जिवाणूंमधून सोबत आलेलं एंडोटॉक्सिन हे विष किती उरलं, हे न सांगता 'जैवसुसंगत' हा शब्द छापून येतो, तेव्हा तर मला परीक्षकांचीच शंका येते.

मग फेजबायोचं उदाहरण तोंडावर फेकलं जातं: इलास्टिनच्या जोरावर उभी राहिलेली कंपनी २०२२मध्ये दिवाळखोरीत गेली. गेली खरी; पण तिचा भागीदाराशी तंटा झाला तो ज्या औषधावरून, ते प्रतिपिंडाचा तुकडा होतं, इलास्टिनची माळ नव्हती. माळेवर खटला भरायचाच असेल तर पुरावा माळेचा आणा. आणि ज्यांना चार इशाऱ्यांची हौस आहे त्यांनी आधी एकाचा हिशेब द्यावा: ३७ अंशांच्या सीरममध्ये तुमची जेल किती दिवस टिकली?